थोरलीचा तिसरा बुश

३ फेब्रुवारी

खटपटे,

विसरभोळी पोरं पुष्कळ पाहिली, पण स्वतःच्या बापाचा धंदा विसरणारी तूच पहिली. ज्या बाईच्या तोंडातले सगळे दात तुझ्या बापाने आपल्या हाताने उपटले, तिला तू डबाभर बदाम पाठवतेस? तेही अख्खे? मी डबा उशाशी ठेवलाय. येता-जाता हलवते. वाजतो छान.

अक्षर बघून दचकली असशील. दर वेळचं तुझ्या आईचं गोलगोल अक्षर नाही, हे औषधाच्या चिठ्ठीवर मुंग्या चालल्यासारखं कुणाचं? बरोबर ओळखलंस. पेन तुझ्या बापाच्या हातात आहे, पण बोलणारी मीच आहे. आजीला लिहिता-वाचता येत नाही हे तरी आठवतंय ना? म्हणून त्याला अट घातली आहे. मी बोलेन तेच लिहायचं, स्वतःची भर घालायची नाही आणि शेवटी सगळं वाचून दाखवायचं. आता तो खरंच तेच लिहितो की नाही, हे तुला कळेल, मला नाही. मी ‘तुझा बाप’ म्हणते तिथे त्याने ‘तुझे वडील’ लिहिलं असेल, तर मनातल्या मनात खोडून वाच.

(सांगितलं आहे तेच लिहिलं जात आहे. — लेखनिक)

मी थांबले तरी पेन चालूच होतं. काय खरडलंस रे? ‘काही नाही’ म्हणतोय. बघ.

आता मुद्द्याचं. आधी पूर्ण वाच आणि मग घाबर, म्हणजे घाबरायला काही उरणार नाही. तुझ्या आईचं मनगट मोडलं होतं. ‘होतं’ म्हणतेय, नीट वाच. हाड जागेवर बसलंय, प्लास्टर आहे, डॉक्टरांनी काल फोटो उजेडात धरून मान डोलावली. डाव्या हाताने ती चहा करते, उजव्या हाताने हुकूम सोडते. लिहिता तेवढं येत नाही, म्हणून हा नवा लेखनिक.

केलं कुणी? थोरलीने. तुझ्या आजोबांची जुनी मोटार गं. माझ्या आधी या घरात आली म्हणून थोरली. आजोबा होते तोवर रविवारचा अख्खा दिवस तिच्यापाशी असायचे, म्हणून माझी सवत. बटण दाबलं की हल्ली ती नुसती कण्हते. समोरचे दिवे मंद होतात आणि मग गप्प. तू स्टार्टर खोलून टेबलावर ठेवला होतास, त्याचा दांडा हलवून दाखवला होतास, ‘दांडा ज्यांत फिरतो ते बुश झिजलेत बाबा, खुळखुळतंय बघा’ म्हणाली होतीस. तुझा बाप म्हणाला, बॅटरी. नवी बॅटरी आली. मग म्हणाला, वायर. चांगली करंगळीएवढी जाड वायर आली. थोरली कण्हतेच आहे. शेवटी पुढून हँडल मारून चालू करायचं ठरलं. हा आत बसला, तुझी आई पुढे हँडलवर. हँडल उलटं फिरलं आणि आलं तिच्या मनगटावर.

तेव्हापासून त्याने त्या गाडीकडे बघणं सोडलंय. विकायची म्हणतो. एक हॉटेलवाला गिऱ्हाईक आहे. त्याला थोरली हॉटेलच्या दाराशी उभी करायची आहे, इंजिन काढून. इंजिनाच्या जागी फुलझाडांच्या कुंड्या.

मला सवतीचं काय कौतुक? पण तुम्ही बापलेक दुसऱ्या कशाबद्दल बोललेलं मला आठवत नाही. सकाळी प्लग, दुपारी कार्बोरेटर, संध्याकाळी भांडण. भांडणसुद्धा तिच्याच बॉनेटवर हात आपटून. शेवटच्या भांडणात हा दोस्तांसमोर तुला म्हणाला, ‘दातांचं कॉलेज अर्ध्यावर टाकलं ते गाड्यांची हाडं मोजायला?’ आणि तू कपड्यांची पिशवी उचलून परगावच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात निघून गेलीस. (इथे पेन अडलंय. मी म्हटलं, बोलताना जीभ अडली नव्हती, आता लिही.) आता थोरलीही गेली तर तुम्ही बोलणार कशावर? हवापाण्यावर?

म्हणून मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. हॉटेलवाला महिनाअखेरीला यायचा आहे. तोवर ती बटणावर चालू झाली, तर विकायची नाही. तेव्हा तुझे ते बुश का फुश, ते पाठव. बसवणार हाच आहे. हात चांगले आहेत त्याचे, माझ्या तोंडावरून सांगते.

आणि हो, माझी कवळी ढिली झालीय. बोलताना टाळ्या वाजवते. तुझा बाप रोज सकाळी हात धुऊन समोर उभा, ‘आई, तोंड उघड, दोन मिनिटांचं काम आहे.’ मी म्हणते, तू लेकीला आपणहून एक ओळ लिही, मग उघडते. तोवर मी सूप पिऊन राहीन. एरवी माझं तोंड मिटत नाही म्हणून तुम्ही सगळे रडता, आता मिटलंय तर बघा मजा.

खाली अंगठा माझाच आहे.

आजी


१५ फेब्रुवारी

खटपटे,

तुझं खोकं आलं. बुश म्हणजे हे होय! मी काहीतरी घमेल्याएवढं धरून बसले होते. बरणीत तेलात बुडालेल्या दोन पिवळट बांगड्या, बाहुलीच्या हातात जातील अशा. एवढ्याशा गोष्टीसाठी घरात बोलणं बंद?

दवाखान्याला सुट्टी होती, तर तुझ्या बापाने स्टार्टर तिथल्याच टेबलावर खोलला. वर तो मोठा दिवा, हातात दातातली कीड शोधायचा आरसा. मी पेशंटच्या खुर्चीत. तुझी आई बाजूला, प्लास्टर उशीवर ठेवून. आत जो गोल फिरतो, त्याला तू आर्मेचर म्हणतेस म्हणे, तो मधोमध फिरायचा सोडून एका अंगाला कलला होता आणि भिंतीला घासत होता. भिंत तेवढ्याच जागी आरशासारखी चकचकीत. सगळा जोर घासण्यातच जायचा, इंजिन फिरवायला उरणार काय? हे मला तुझ्या बापाने समजावलं. अगदी तू समजावलं होतंस त्याच शब्दांत, पण जणू आत्ताच शोध लागला असावा असं.

मी विचारलं, “म्हणजे पोरगी बरोबर होती?”

“घासलंय,” तो म्हणाला.

“म्हणजे बरोबर होती.”

“घासलंय म्हटलं ना आई!”

अक्कलदाढ काढणं सोपं, याच्या तोंडून ‘हो’ काढण्यापेक्षा.

पण तूही नाक वर करू नकोस. तू दोन बुश पाठवलेस. आत निघाले तीन! दोन टोकांना दोन आणि मधल्या पट्टीत एक. स्वतः खोलून पाहिला होतास ना? मधला विसरलीस. आणि सगळ्यात जास्त झिजला होता तोच. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं. मला काही नवल वाटलं नाही. दोन टोकांना धरून ठेवणारं मधलं माणूस या घरात कुणाच्या लक्षात राहतं?

(मधला बुश इथे करून घेतला आहे. लेथवाल्याकडून गनमेटलचा तुकडा कातून आणला. आतलं भोक दवाखान्यातल्या दात झिजवायच्या बारीक दगडांनी स्वतः बेताचं केलं. दांडा सरकतो, खुळखुळत नाही. — लेखनिक)

आता काय लिहिलंस? ‘मापं’ म्हणतोय. बरं. मापं तर मापं. सबंध दुपार त्या एका भोकात डोळा घालून बसला होता. आणि कामात असला की शीळ घालतो हे मी विसरूनच गेले होते. तू गेल्यापासून शीळ ऐकली नव्हती.

तुझे दोन्ही बुश त्याने धुऊन, उकळून, पुसून पांढऱ्या कापडावर मांडून ठेवलेत. कसे लखलखतायत! उद्या बसवणार.

आजी


१९ फेब्रुवारी

खटपटे,

हे पत्र मिळाल्याबरोबर उत्तर टाक. जेवत असलीस तर हात धुऊन टाक.

बुश बसवले, स्टार्टर टेबलावर बांधला, बॅटरी लावली आणि तो जो किंचाळला! खुर्चीतले पेशंट कधी असे किंचाळले नाहीत. जळका वास सुटला. तुझ्या बापाने झटकन वायर ओढली म्हणून थोडक्यात निभावलं.

मग तुझ्या आईला खोकं आठवलं. बरणी काढून घेतली आणि खोकं कोपऱ्यात ठेवलं होतं; तळाशी तुझी चिठ्ठी. मी त्याच दिवशी विचारलं होतं, सोबत काही लिहिलंय का बघ. हा म्हणाला, ‘दोन बुश बसवायला सूचना कशाला लागतात?’ आता तुझ्या आईने वाचून दाखवलं: ‘बुश शेवटपर्यंत तेलातच ठेवा. धुऊ नका. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांत तेल मुरवलेलं असतं, तेच त्यांना जन्मभर पुरतं.’

आणि याने ते हत्यारं उकळायच्या भांड्यात घालून उकळले! थेंबभर तेल ठेवलं नाही. याला दोष तरी काय देऊ? इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू उकळूनच घालायची सवय. थोरलीलाही त्याने पेशंटच मानलं.

आता त्याने हात टेकलेत. म्हणतो, जाऊ दे, हॉटेलवाल्याला निरोप धाडतो, लवकर घेऊन जा म्हणतो. मी म्हटलं, निरोप धाडलास तर ही ढिली कवळीही काढून ठेवीन आणि बिनदाताने तुझ्या दवाखान्याच्या दारात बसेन. कोण येतंय बघू.

घसा सुकला. थांब, पाणी पिऊन येते.

(आई आत गेली आहे. हँडल उलटं फिरलं त्यात गाडीचा दोष नव्हता. हँडल मारण्याआधी स्टिअरिंगवरची स्पार्कची दांडी मागे ओढायची असते. मी ओढली नाही. विसरलो. म्हणून इंजिनने झटका दिला. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. गाडीकडे पाहिलं की तेवढंच दिसतं. — लेखनिक)

आले. कुठे होते मी? हं. वाळलेल्या बुशात तेल परत मुरतं का, ते कळव. की नवे करावे लागतात? हॉटेलवाला यायला फार दिवस नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायच्या आहेत तर जरा मोठ्याने हाक.

आजी


२६ फेब्रुवारी

खटपटे,

तुझं पत्र काल सकाळी आलं. तुझी आई चहाच्या टेबलाशी मोठ्याने वाचत होती. बुशात तेल परत कसं मुरवायचं ते वाचलं, आणि मग, ‘बाबांना सांग, दांडीचं त्यांनी लिहिलं ते बरं झालं, पण हँडल धरताना अंगठा वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे मीसुद्धा आईला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं बाबांनी सांगितलं असेल.’

तुझ्या आईने पत्र खाली ठेवलं. “कसली दांडी?”

तुझा बाप कपात बघतोय.

“अहो, कसली दांडी?”

“स्पार्कची. मागे घ्यायची राहिली.”

“म्हणजे तुमच्यामुळे?”

“माझ्यामुळे.”

“आणि मी इतके दिवस समजतेय माझ्यामुळे! तुम्ही एकदा म्हणाला होतात अंगठ्याचं, आणि मी ऐन वेळी मूठ वळली म्हणून. मला बोलायची लाज वाटली.”

“मी म्हणालो होतो?”

“लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तुम्ही पुष्कळ काही म्हणायचात तेव्हा.”

आणि ती हसायला लागली. प्लास्टर पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तोही. मी आपली बघतेय. एकाच मनगटासाठी तिघं जण तीन कोपऱ्यांत अपराधी होऊन बसली होती, आणि मी वेडी थोरलीला शिव्या घालत होते.

मग माझ्या ध्यानात आलं. म्हणजे मी पाणी प्यायला गेले तेव्हा या गड्याने तुला आपणहून लिहिलं होतं! एक ओळ मागितली होती, त्याने चांगल्या सात-आठ लिहिल्या असणार. आणि आठवडाभर मी इकडे उगाच सूप पितेय! म्हटलं, सांगायचं नाही का रे? म्हणतो, ‘अट मोडली होती ना, आपली भर घालायची नाही.’ असला प्रामाणिक अपराधी मी पाहिला नाही.

तरी तोंड उघडलं नाही मी. म्हटलं, खाली सही काय केलीस? म्हणतो, ‘लेखनिक.’ लेखनिकाला माझ्या तोंडात हात घालू देत नसते.

आता बुशचं. बसवलेले बुश काढायचे म्हणजे फुटायची भीती. पण ते त्याचंच काम. दाढ काढावी तसे, किंचित हलवत, डोळे जवळजवळ मिटून, एक ओरखडा न येऊ देता काढले. मग तू सांगितलंस तसं: बुश एका अंगठ्यावर उभा धरायचा, आत तेल भरायचं, वरून दुसरा अंगठा टेकवायचा आणि दाबायचं. बुशाला बाहेरून घाम फुटेपर्यंत.

तुझ्या बापाने हातमोजे घातले. सटकलं. मोजे काढले. कपड्यांवर तेल. तुझी आई म्हणाली, मी धरते एका बाजूने. तिचा अंगठा प्लास्टरच्या बाहेर जेमतेम नखाएवढा. मी म्हटलं, आणा इकडे. या घरात अंगठ्याचा माझ्याइतका सराव कुणाला आहे? प्रत्येक कागदावर तोच तर उमटवत आले. ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून माझ्या दिरांनी जन्मभर चिडवलं. पण बहाद्दर तर म्हणाले ना!

खालून माझा अंगठा, वरून माझा अंगठा, तुझा बाप तेलाची पिचकारी घेऊन. दाबलं. काही नाही. आणखी दाबलं. “आई, पुरे, हाताला लागेल.” गप बस म्हटलं. आणि मग गं, त्या कोरड्या ठणठणीत धातूच्या अंगावर बारीक बारीक दंव आलं. थेंब नाही, घामच. बाहेरून, सगळीकडून. आम्ही तिघं डोकं लावून बघत राहिलो. तुझा बाप हळूच म्हणाला, “बरोबर आहे तिचं.”

मी विचारलं, “काय म्हणालास?”

“बरोबर आहे म्हटलं. पोरीचं.”

दोनदा म्हणाला. तुझी आई साक्षीला आहे.

रात्रभर बुश परत तेलात ठेवलेत. तुझ्या चिठ्ठीवर बरणी ठेवली आहे, म्हणजे कुणी उकळायला नेली तर आधी चिठ्ठी दिसेल.

आजी


१ मार्च

खटपटे,

झालं! आधी हे सांगून टाकते, नाहीतर तू उभ्याने वाचशील. बस आता.

हॉटेलवाला आला तो मोजपट्टी घेऊनच. बॉनेट उघडून आत किती कुंड्या मावतील ते मोजायला लागला. तुझ्या बापाने स्टार्टर सकाळीच चढवला होता, पण त्याची काही बटणाकडे जायची छाती होईना. कधी टायर बघतोय, कधी काच पुसतोय. शेवटी तुझी आई म्हणाली, “मी दाबते. सगळ्यांत जास्त हिशेब माझाच आहे तिच्याशी.” आत जाऊन बसली. तुझ्या बापाने दोन्ही हातांनी स्पार्कची दांडी मागे ओढली. मग पुन्हा ओढून पाहिली. मग मला विचारलं, “आई, ओढली ना मी?” मी म्हटलं, मला काय विचारतोस, मला वाचता येत नाही.

तुझ्या आईने डाव्या हाताने बटण दाबलं.

कण्हली नाही गं! दिवे मंद झाले नाहीत. तरण्या पोरीने पायऱ्या उतराव्यात तशी खटाखट फिरली आणि इंजिन सुरू झालं. हॉटेलवाल्याची मोजपट्टी अजून आतच. त्याने असा काही हात काढला की विचारू नकोस. बंद केली, पुन्हा दाबलं. पुन्हा चालू. चांगली तापू दिली, ‘तापल्यावर अडेल’ ही पत्रातली तुझी शंका होती ना, आणि परत दाबलं. चालू!

तुझा बाप बॉनेटवर हात ठेवून उभा. हॉटेलवाला म्हणाला, “अहो, पण आपलं ठरलं होतं.”

“आमच्या आईशी आधी ठरलं होतं,” हा म्हणाला. “आणि इंजिन चालू असताना कुंड्या कुठे ठेवणार?”

तो बिचारा चहा पिऊन गेला. जाताना थोरलीत बसून गल्लीच्या टोकापर्यंत सोडलं त्याला. उतरताना तुझ्या बापाला म्हणाला म्हणे, ‘मीही नसती विकली.’

तुझा बाप परत आला तेव्हा मी कागद काढून ठेवला होता. म्हटलं, आधी मी बोलत नाही. मी चालले कपडे गोळा करायला. तुला काय लिहायचं ते लिही, मला तसंही वाचता येत नाही. त्याने लिहिलं ते इथे जसंच्या तसं उतरवायला लावलंय.

(स्टार्टर एका दमात फिरतो. टोकांचे बुश उत्तम. मधला, मी केलेला, गरम झाल्यावर किंचित घट्ट वाटतो. कदाचित भोक आणखी केसभर मोठं हवं. मला नक्की सांगता येत नाही. तू बोट घालून बघायला हवंस. त्यासाठी पुन्हा खोलावा लागेल, पण माझी हरकत नाही. रविवारी दवाखाना बंद असतो. तुझी पान्यांची पिशवी इथेच आहे, पाने तेल लावून ठेवले आहेत. उकळलेले नाहीत. — बाबा)

मी आल्यावर विचारलं, काय लिहिलंस? म्हणतो, “बुशबद्दल.” म्हटलं, एवढंच? तुझ्या आईने त्याच्या हातातून कागद ओढून वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “उघडा तोंड, आई.”

उघडलं. दोन मिनिटांचं काम म्हणाला होता, दोनच मिनिटं लागली. घासलं, बसवलं, ‘चावून बघ’ म्हणाला. मी उशाशी गेले, डबा उघडला आणि पहिला बदाम फोडला तो आवाज दिवाणखान्यापर्यंत गेला. कवळीचं आता टाळ्या वाजवणं बंद. खुळखुळ नाही, घासत नाही. सगळ्यांचेच बुश एकदम बदलल्यासारखं वाटतंय.

खाली अंगठा आहे तो काळपट दिसेल. शाई नव्हे, तेल आहे ते. तीनदा साबण लावला तरी जात नाही, आणि खरं सांगायचं तर चौथ्यांदा लावलाच नाही.

बदाम सगळ्यांनी मिळून संपवलेत. आणखी पाठव, अख्खेच, साल काढू नकोस, मोठा डबा भरून. टपालाने नको. रविवारी इकडे येणारं कुणी तुझ्या ओळखीचं असेल, तर त्याच्याच हाती दे.

आजी